तनी सुरू झाली आणि अर्धी रांग कँटीनला

गोडबोले काकू (बी ४०३): काल षण्मुखानंदला कर्नाटक संगीताच्या मैफलीत मृदंगाची तनी, म्हणजे फक्त तालवाद्यांचं वादन, सुरू झाली आणि आपली अर्धी रांग उठून गेली. नावं घेत नाही. अय्यर मामांनी हौसेने तिकिटं काढली होती. मला मान वर करवेना.

साने (ए १०२): बसचे प्रत्येकी २२० रु. राहिलेल्यांनी आजच द्यावेत ही विनंती 🙏

प्रधान (सी ६०१): नाव न घेता सगळ्यांना कळलं काकू 😄 दोघी गायिका गप्प, व्हायोलिनवाल्या बाईंनी गज खाली ठेवला. आम्हाला वाटलं मध्यंतर.

गोडबोले काकू: मध्यंतर नव्हतं ते. दोन तास गळ्यामागे धावल्यावर मृदंग आणि घटमच्या (वाजवायच्या मडक्याच्या) वाट्याला तेवढीच तर दहा-पंधरा मिनिटं येतात.

जोशी (ए ७०४): मला एक सांगा. राग तोडी म्हणून जाहीर केलं आणि चक्क भैरवी? संध्याकाळी सातला? मी चपला शोधायला लागलो!

अय्यर मामा (बी २०१): जोशीसाहेब, आमच्या कर्नाटक तोडीचे स्वर तुमच्या हिंदुस्थानी भैरवीचे. आमची भैरवी आणखी वेगळीच. कल्याणी म्हणजे तुमचा यमन, तिथे तुम्ही डोलत होतात. पाहिलं मी.

कदम (सी १०५): माझ्या शेजारचे आजोबा सतत मांडीवर थाप मारून बोटं मोजत होते. म्हटलं हिशोब चाललाय.

साने: हिशोबावरून आठवलं. २२० रु.

अय्यर मामा: आदिताल तो. एक थाप, तीन बोटं, मग थाप आणि उलटा हात ही जोडी दोनदा. झाल्या ८ मात्रा. आणि जे बाहेर गेले त्यांचं खरं हुकलं ते कुरैप्पु. मृदंगाने वाजवायचं, घटमने उत्तर द्यायचं. तुकडे निम्मे निम्मे होत जातात, शेवटी दोघं एकत्र येऊन समेवर.

वैद्य मॅडम (सी ३०२): अगदी! शेवटी घटमवाले मडक्याचं तोंड पोटाला लावून घुमारा काढत होते. अंगावर काटा आला.

देसाई (सेक्रेटरी): कृपया ग्रुप सोसायटीच्या कामापुरताच वापरावा.

गोडबोले काकू: परवा तुमच्या मेहुण्याच्या फ्लॅटची जाहिरात इथेच वाचली.

जोशी: 🤭 शेवटचा अभंग मात्र काय सुंदर! उच्चार अस्सल मराठी.

वैद्य मॅडम: त्यात नवल काय? रंजनी-गायत्री या कर्नाटक गायिका भगिनी मुंबईतच वाढल्या, त्याही अभंग गातात. बॉम्बे सिस्टर्स ही गायिकांची जोडी तर आपल्या माटुंग्याच्या.

प्रधान: अभंगाला आम्ही जागेवर होतो हं.

गोडबोले काकू: हो, मेदूवड्याचा वास आला.

साने: वरचा मेसेज पुन्हा. अजून सहा जण बाकी.

अय्यर मामा: पुढच्या वेळी प्रधानसाहेबांसाठी दाराजवळची खुर्ची घेतो. त्यांची गैरसोय नको.

प्रधान: मामा, टोमणा पोचला. साने, पैसे पाठवले. काकू, आता तरी लिफ्टमध्ये बोला.

गोडबोले काकू: बोलेन की. आधी आमच्या पार्किंगमधून गाडी काढा.