नवीन वीज विधेयक आलं तर यंत्रमागाची सवलत जाणार का?

मागवाला_पूर्वभाग
माझे आठ माग आहेत, टॉवेलचे. वडिलांनी घेतलेले. सगळा मिळून भार १६ एचपी, म्हणजे सवलतीच्या २७ एचपीखालच्या गटातला. सूत आणि मजुरी सोडली तर सगळ्यात मोठा खर्च विजेचाच. केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये वीज कायदा दुरुस्तीचा मसुदा काढला, त्यात क्रॉस सबसिडी पाच वर्षांत बंद करायची आहे असं वाचलं. परवा चहाच्या टपरीवर एकाने छातीठोक सांगितलं, यंत्रमागाची सवलत गेलीच समजा. रात्रभर झोप नाही. माझ्याकडे दोघीजणी कांडी भरतात (मागासाठी सूत गुंडाळतात), एकीचा मुलगा डिप्लोमाला आहे. युनिटला दोन रुपये वाढले तर मी आधी कुणाला घरी बसवू? मसुदा कुणी नीट वाचलाय का?

निवृत्त_तंत्रज्ञ
दादा, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. क्रॉस सबसिडी म्हणजे कारखाने, रेल्वे यांना खर्चापेक्षा चढा दर लावायचा आणि त्यातून शेतीपंप, गरीब घरं यांचा दर खाली ठेवायचा. मसुदा म्हणतो, उत्पादन उद्योग, रेल्वे आणि मेट्रो यांच्यावरचा हा बोजा पाच वर्षांत काढा. तुमची सवलत राज्य सरकार आपल्या तिजोरीतून देतं. २००३ च्या कायद्यात कलम ६५ आहे: राज्याला कुणाला स्वस्त वीज द्यायची असेल तर द्यावी, फरकाचे पैसे मात्र आगाऊ भरावेत. तेव्हा टपरीवरचं ऐकून माग विकायला काढू नका.

भीती दुसरीकडे आहे. दर खर्चाइतकाच हवा, यावर मसुद्याचा जोर आहे. मूळ दर चढला आणि सवलत आहे तेवढीच राहिली, तर वरचा फरक तुमच्याच बिलात येईल.

ज्वारीवाला_दक्षिणसोलापूर
फताटेवाडीच्या १,३२० मेगावॉटच्या वीज प्रकल्पाची चिमणी माझ्या शेतातून दिसते. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाचं बिल २०२४ पासून सरकार भरतं. उद्योगाकडून येणारा वाटा थांबला की सरकारला जास्त भरावं लागणार. एक वर्ष तिजोरीत खडखडाट झाला, तर आधी कात्री आमच्यावर की मागावर? दोघांनी आत्ताच एकत्र बोलायला हवं.

मागवाला_पूर्वभाग
काका, जीव थोडा खाली पडला. एकाच तारेवरून दोन-तीन कंपन्या वीज विकणार म्हणतात, त्याचा आम्हाला फायदा?

निवृत्त_तंत्रज्ञ
मुंबई उपनगरात २००९ पासून असं चालू आहे, दुसऱ्या कंपनीच्या तारेवरून टाटांची वीज घेता येते. पण कंपनी आधी मोठ्या गिऱ्हाइकाकडे जाणार, १६ एचपीच्या दाराशी शेवटी. लहान गिऱ्हाइकं सरकारी कंपनीकडेच उरली तर तिचा खर्च कोण उचलणार, हे मला फार खुपतं. वीज समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत, राज्याला बोलायचा हक्क आहे. तुमच्या आमदारांना विचारा. आणि गेल्या बारा बिलांतली सवलतीची रक्कम एका कागदावर लिहून काढा.

मागवाला_पूर्वभाग
बिलं काढून बसलोय. दोन महिन्यांची सापडत नाहीत, उद्या शोधतो. रविवारी गल्लीतल्या मागवाल्यांना बोलावलंय. ज्वारीवाले दादा, तुम्हीही या.