घड्याळ लावणे, सरकवणे, जुळवणे : ड्रायव्हरच्या भाषेत

पाटीपेन्सिल : लिनक्समधल्या पीटीपी घड्याळांच्या ड्रायव्हरवर विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं लिहितोय. पीटीपी म्हणजे नेटवर्कवरून अचूक वेळ पोचवायची पद्धत आणि ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम. नेटवर्क कार्डावर स्वतःचं घड्याळ असतं, ते दुसऱ्या यंत्राच्या घड्याळाबरोबर मायक्रोसेकंदाच्या आत ठेवायचं, असा विषय. ‘सिंक्रोनायझेशन’ला सगळीकडे ‘समक्रमण’ लिहिलं. पण ड्रायव्हरला त्यासाठी सेटटाइम, अ‍ॅडजटाइम आणि अ‍ॅडजफाइन अशी वेगवेगळी फंक्शनं पुरवावी लागतात. तिन्हींपुढे ‘समक्रमण करते’ लिहून बसलोय. काय करावं?

शब्दवेडी : ‘समक्रमण’मध्ये मला क्रम ऐकू येतो, काळ नाही. ‘समकालन’ त्यातल्या त्यात बरं, हिंदी परिभाषेतलं ‘तुल्यकालन’ मात्र नको. आणि क्रिया तीन असतील तर घरातली क्रियापदं काय वाईट आहेत? घड्याळ आपण लावतो, मिळवतो, जुळवतो.

लंबक : ताईंशी सहमत. पण आधी घड्याळाचं काय बिघडलंय ते बघा. ‘घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे’ आणि ‘घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे जातं’ यांतला भेद मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पहिल्यात आत्ताचा फरक आहे, दुसऱ्यात चाल. भिंतीवरच्या जुन्या घड्याळात फरक काढायला काटे फिरवायचे आणि चाल सुधारायला लंबकाखालचा स्क्रू. सेटटाइम आणि अ‍ॅडजटाइम दोघंही काट्यांना हात घालतात. एक सांगतं ‘आत्ता इतके वाजलेत’, दुसरं सांगतं ‘आहे त्यात इतके नॅनोसेकंद मिळव किंवा वजा कर’. स्क्रू फिरवतं ते अ‍ॅडजफाइन. म्हणून मी लिहीन : लावणे, सरकवणे, चाल बदलणे.

चालीचं माप पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती भाग. १ पीपीएम म्हणजे दिवसाला ८६.४ मिलिसेकंद, त्यामुळे २५ पीपीएमने चुकणारा स्फटिक दिवसभरात दोन सेकंदांच्या वर भटकतो. अ‍ॅडजफाइनला येणाऱ्या आकड्याचे खालचे १६ बिट अपूर्णांकाचे असतात, हे टिपणात ठळक लिहा. नाहीतर तो आकडा सरळ पीपीएम समजून कुणीतरी चाल ६५,५३६ पटींनी बदलून मोकळा होईल.

पाटीपेन्सिल : ‘सरकवणे’ झकास. मग ‘जुळवणे’ कशाला ठेवू?

शब्दवेडी : लावायला एक घड्याळ पुरतं, जुळवायला दोन लागतात. पत्रिकेसारखंच! सगळ्या खटाटोपाला ‘जुळवणी’ म्हणा, ‘समक्रमण’ आपोआप सुटेल.

निवांत : हे काम करतो म्हणून लिहितो. लावणं-सरकवणं प्रत्यक्षात क्वचितच होतं. पीटीपी४एल (लिनक्सवर पीटीपी चालवणारा प्रोग्रॅम) आहे त्या सेटिंगवर चालवलं, तर सुरुवातीला फरक २० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त असल्यास एकदा सरकवतं आणि पुढे नुसती चाल कमीजास्त करत राहतं. चालू कामात काटे मागे घेतले तर नंतर आलेलं पॅकेट आधीचं दिसेल, म्हणून.

आणखी एक. ‘फरक’ला ‘चूक’ म्हणू नका. पीटीपीचं घड्याळ साधारणपणे टीएआयवर (अणुघड्याळांच्या अखंड वेळेवर) चालतं, तर यंत्राचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर). १ जानेवारी २०१७पासून या दोन्हींत ३७ सेकंदांचा फरक आहे. कार्डाचं घड्याळ बरोब्बर ३७ सेकंद पुढे दिसलं की नवखे ड्रायव्हर उसवायला बसतात. तिथे फरक आहे, चूक नाही.

शब्दवेडी : आणि टाइमस्टॅम्प, म्हणजे पॅकेटवर पडणारी वेळ? ‘कालमुद्रा’ छान नाही वाटत?

निवांत : छान आहे, पण दोन गोष्टी एका शब्दात जातील. पॅकेट तारेवरून आत येताना कार्डच वेळ टिपून ठेवतं, तो एक प्रकार. इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक) आल्यावर ड्रायव्हर घड्याळ बघतो, तो दुसरा. इंटरप्टला लागणारा उशीर दर वेळी वेगळा, म्हणून दुसऱ्यावर बारीक जुळवणी होत नाही. मी पहिल्याला ‘शिक्का’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘नोंद’.

लंबक : ‘शिक्का’ चालेल, ‘नोंद’ नको. नोंद तर शिक्क्याचीही ठेवावी लागते, लॉगमध्ये.

पाटीपेन्सिल : मग तूर्त ‘हार्डवेअरचा शिक्का’ आणि ‘ड्रायव्हरचा शिक्का’ लिहितो. कालमुद्रेसाठी ताई भांडणार असतील तर पुढच्या प्रकरणाआधी भांडून घ्या, त्यात हा शब्द पानोपानी आहे.