कर्जमाफीच्या पुढचं: फवारणीचं औषध घरात नको

शेतकरी आत्महत्यांबद्दल एका भाऊंनी लिहिलंय की कर्ज फिटलं की टेन्शन आपोआप जातं, समुपदेशन वगैरे शहरातले चोचले आहेत. पैशाचं पटतं, भाव आणि विम्याशिवाय काही खरं नाही. पण माणूस टोकाला जातो तो बऱ्याचदा एखाद्या वाईट घटकेत, आणि त्या घटकेत हाताशी काय असतं यावर फार ठरतं. आपल्याकडे कापसाच्या फवारणीचं औषध घरातच पडलेलं असतं, खाटेखाली नाहीतर धान्याच्या कोठीशेजारी. श्रीलंकेनं 1995 पासून सगळ्यात जहाल कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आणली, नंतरच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्या निम्म्याहून जास्त कमी झाल्या आणि पिकाचं उत्पन्नही घटलं नाही.

आमच्या रावेर भागात वादळात केळीची बाग आडवी झाली तेव्हा आमचे काका पारावर यायचेच बंद झाले, जेवण नाही, बोलणं नाही, तर चुलतभावानं काही न बोलता आधी औषधाचे सगळे डबे घरातून हलवून शेजारच्यांच्या खोलीत कुलपात ठेवले आणि रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसायला लागला, मग हळूहळू डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या, आता बरे आहेत. 14416 हा टेलीमानसचा, म्हणजे मानसिक त्रासात मदत करणाऱ्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलतात, आणि घरच्यांनीही लावला तरी चालतो. कृषी केंद्रवाल्यांनी हा नंबर दुकानात मोठ्या अक्षरात लावावा असं मला फार वाटतं, औषध घ्यायला सगळे तिथेच तर येतात.