घरचे मफिन आणि कपकेक : नेमकं प्रमाण, नेमकी चूक

वाढदिवस, बारसं, डोहाळजेवण... मोठा केक कापत बसण्यापेक्षा हातात एकेक कपकेक देणं सोपं पडतं, म्हणून घरोघरी ते होऊ लागलेत. तुमचं हात बसलेलं प्रमाण लिहा. वजन, तापमान, वेळ आणि बिघडतं ते कशामुळे, हेही येऊ द्या.

• • •

बिनअंड्याचे व्हॅनिला कपकेक, १२ नग. मैदा १९० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, ताजं दही २४० ग्रॅम, वास नसलेलं तेल १२० मिली, बेकिंग पावडर सव्वा छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, इसेन्स एक छोटा चमचा.

दही आणि साखर, साखर विरघळेपर्यंत फेटायची, मग तेल घालून एकजीव करायचं. सोडा दह्यात घालून फेस येईपर्यंत थांबायची पद्धत सर्रास दिसते, मला ती पटत नाही. तो फेस म्हणजे केक फुगवणारा वायूच, तो भांड्यातच का घालवायचा? सोडा आणि पावडर मैद्याबरोबर दोनदा चाळा, दह्यात मिसळा आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. साचा दोन-तृतीयांश भरा. १८० अंशांवर १८ ते २० मिनिटं. सोडा जास्त पडला तर कपकेक भराभर फुगून मध्ये बसतो आणि जिभेवर साबणासारखी चव राहते.

• • •

वरचं प्रमाण कपाने मोजणार असाल तर जपून. २४० मिलीच्या कपात चमच्याने मैदा अलगद भरून वरून सुरी फिरवली तर साधारण १२५ ग्रॅम बसतो. तोच कप पिठाच्या डब्यात खुपसला तर १५० पर्यंत जातो. दीड कपामागे ३५-४० ग्रॅम मैदा जास्त! कोरडे, भेगाळलेले कपकेक बहुतेक वेळा यातूनच होतात. साचे, क्रीमची नक्षी काढायच्या नोझल (टोकदार नळ्या) नंतर घ्या, आधी वजनकाटा घ्या.

• • •

मफिनचं तंत्र वेगळं. केळ्याच्या १२ मफिनना : सालावर काळे ठिपके आलेल्या केळ्यांचा गर ३०० ग्रॅम, मैदा १९० ग्रॅम, किसलेला गूळ १०० ग्रॅम, तेल ७५ मिली, एक अंडं, सोडा एक छोटा चमचा, मीठ अर्धा छोटा चमचा. ओलं एका भांड्यात, कोरडं दुसऱ्यात. एकत्र केल्यावर उलथन्याने खालून वर दहा-बारा वेळाच फिरवायचं. मिश्रणात गुठळ्या राहतात, राहू द्याव्यात. गुळगुळीत होईपर्यंत घोटलं की मैद्याला चिवटपणा येतो, मफिन टोकदार होतात आणि कापल्यावर आत उभी भुयारं दिसतात. नाचणीचं पीठ घालायचं तर मैद्याच्या एक-तृतीयांश बदला; त्याहून जास्त झालं की भुगा पडायला लागतो.

• • •

ओटीजी (घरगुती विजेचा छोटा ओव्हन) असेल तर वरची-खालची दोन्ही कॉइल, मधला कप्पा आणि निदान १५ मिनिटं आधी तापवणं. मफिनला टोपी हवी असते, म्हणून पहिली पाच मिनिटं २०० आणि पुढे १७५. कपकेकवर आयसिंग करायचं असतं, तिथे माथा सपाट बरा. १६५-१७० वर २२ ते २४ मिनिटं ठेवा. पहिली १५ मिनिटं दार उघडायचं नाही.

• • •

कपकेकभोवतीचा कागद सुटून येतो त्याचं काय?
साचा गरम असतानाच त्यात कपकेक राहिले की खाली वाफ धरते, कागद ओला होतो. पाच मिनिटांनी काढून जाळीवर ठेवा. कोमट असताना डब्यात भरले तरी तेच होतं.

• • •

आयसिंगचं खरं दुखणं म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा. परदेशी कृतीत 'रूम टेम्परेचरचं बटर' म्हणतात ते २० अंशांच्या आसपासचं. मे महिन्यात मुंबईत किंवा नागपुरात बटर ओट्यावर विसरलं तर तेल होतं. बोट दाबलं की खड्डा पडावा, पण वरून चकाकी नको. १०० ग्रॅम बिनमिठाच्या बटरला २०० ग्रॅम चाळलेली आयसिंग शुगर, दूध चमचाभरच.

उन्हाळ्यात नॉन-डेअरी (वनस्पती स्निग्धांशाचं) व्हिपिंग क्रीम जास्त टिकतं. फ्रीजरमधून आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये काढा. भांडं आणि बीटरची पाती गार करा, वेग मध्यम. पात्यामागे रेघा उमटून तशाच राहू लागल्या की दर अर्ध्या मिनिटाला थांबून पाती उलटी धरून बघा. टोक किंचित वाकलं तर नोझलसाठी बरोबर. टोक ताठ राहून कडा खरबरीत, फाटल्यासारख्या दिसल्या तर जास्त फेटलं गेलं. दोन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून हाताने सारखं करा. फ्रेश क्रीमचं पाकीट यासाठी घेऊ नका, २५ टक्के स्निग्धांशाचं क्रीम ताठ होत नाही. १२ कपकेकना ३५०-४०० ग्रॅम लागतं. रंग जेलचाच; पाण्यासारख्या रंगाने क्रीम सैल पडतं.

• • •

फॉन्डंटची (साखरेच्या मळलेल्या गोळ्याची) फुलं, नावाची अक्षरं फ्रीजमध्ये ठेवली तर बाहेर काढल्यावर त्यांना पाणी सुटून रंग उतरतो. ती दोन दिवस आधी करून पंख्याखाली वाळवा, कोरड्या डब्यात ठेवा आणि पाहुणे आल्यावर लावा. कपकेक आदल्या दिवशी भाजून झाकून ठेवले तर चालतात, क्रीम मात्र त्याच दिवशी सकाळी.