मेंदूच्या ऑपरेशननंतर बदललेली स्मरणशक्ती आणि विचार : तुमचे अनुभव लिहा

फिट्स थांबाव्यात म्हणून माझ्या मेंदूच्या डाव्या टेम्पोरल लोबचा (कानाच्या बाजूच्या भागाचा) पुढचा भाग काढला. फिट्स थांबल्या, टाके सुकले, केस वाढले आणि भेटेल तो "आता ठणठणीत झालात" म्हणू लागला. शब्द हरवतात ते कुणाला दिसत नाही. कात्री समोर असते, तिनं काय करतात ते सांगता येतं, नाव मात्र येत नाही. डाव्या बाजूच्या ऑपरेशननंतर नावं आणि ऐकलेलं लक्षात राहणं कमी होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी ऐकणं वेगळं, रोज निभावणं वेगळं. चेहरे, रस्ते, हिशेब सगळं शाबूत आहे. बुद्धी गेली नाही, तिचा एक कोपरा गेला. तुमचा कोणता गेला, काय परत आलं, कशाचा आधार झाला? घरच्यांनीही लिहा.

---

बाबांच्या कपाळामागचा मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ, काढला. बोलणं स्वच्छ, पाढे पाठ. पण सकाळी पलंगाच्या कडेला बसले की बसलेच. "बाबा, आंघोळ?" "करतो ना." आणि उठत नाहीत. नातेवाइकांनी आळशी ठरवून टाकलं, त्याचा मला अजून राग आहे. इच्छा असते हो, सुरुवात होत नाही! सुरुवात करणं, कामांचा क्रम लावणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं, फ्रंटल लोबचं काम, आणि धक्का नेमका तिथेच बसलेला. त्यामुळे नुसतं "आंघोळ करा" पुरत नाही. "उठा", मग "टॉवेल घ्या", मग "नळ सोडा". एवढं झालं की पुढचं त्यांचं ते करतात. आता न्हाणीघराच्या दारावर पायऱ्या लिहिलेला कागद लावलाय, तो बाबा स्वतः वाचतात. आईला मात्र फार जड जातं. ज्यांच्या शब्दावर घर चाललं त्यांना "उठा" म्हणताना तिचा आवाज बसतो.

---

माझी तिसऱ्या व्हेंट्रिकलमधली (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीतली) कोलॉइड सिस्ट, म्हणजे द्रवाची गाठ, काढली. शेजारीच फॉर्निक्स हा मज्जातंतूंचा जुडगा असतो, आठवणींच्या वाटेवरचा. शाळेतलं लख्ख आठवतं, आज सकाळचं नाही. सगळं वहीत लिहितो. गोळी घेतली की लगेच खूण, नाहीतर दुसऱ्यांदा घेतली जाईल. वही वाचताना ते दिवस दुसऱ्याच कुणाचे वाटतात, याची सवय अजून होत नाही.

---

वरच्या दादांसाठी लिहिते. मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट आहे, मेंदूच्या आजारानंतरची स्मृती आणि विचार तपासते. १९५३ मध्ये फिट्सचे रुग्ण हेन्री मोलेसन यांच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाचा) मोठा भाग काढला गेला आणि नव्या घटना लक्षात राहणं जवळपास थांबलं. पण मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तेव्हा त्यांचा हात दिवसागणिक सुधारत गेला. आधी गिरवल्याचं मात्र त्यांना आठवत नसे. सवयीची आठवण वेगळ्या वाटेनं जाते. म्हणून वही, चष्मा, गोळ्या कायम एकाच जागी, एकाच क्रमानं ठेवा. मनाला आठवलं नाही तरी हात तिथे जायला शिकतो. आणि ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी स्मृतीच्या चाचण्या आधी करून घ्याव्यात. पूर्वी काय होतं ते कागदावर असलं तरच नंतर काय बदललं ते नेमकं कळतं.

---

बदललेलं सगळंच ऑपरेशनमुळे नसतं. डेक्सामेथासोनवर (सूज उतरवायचं स्टेरॉइड) ह्यांना झोप नव्हती, लेव्हेटिरासिटॅमवर (फिट्सची गोळी) संताप. मनानं गोळी बंद करू नका, फिट येऊ शकते. आमच्या डॉक्टरांनी औषध बदललं आणि माणूस निवळला.

---

विसरण्यापेक्षा मला थकवा जास्त छळतो. दोघं एकदम बोलली की दोघांचंही डोक्यात शिरत नाही. ऑपरेशननंतरची मेंदूची सूज उतरेल तसं पहिल्या काही महिन्यांत बरंच सुधारलं, पुढची सुधारणा अगदी सावकाश. कामावर अर्ध्या वेळेनं सुरुवात केली, अवघड काम सकाळी उरकते. एक आवर्जून : हळूहळू सुधारणारा माणूस अचानक गोंधळला, पेंगू लागला, डोकेदुखी, उलट्या किंवा ताप आला, तर "विसराळूपणा असेल" म्हणत घरी थांबू नका. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.