सोरायसिस आणि माजी सैनिकाचे अपंगत्व निवृत्तिवेतन : कोणता वैद्यकीय पुरावा उपयोगी पडतो?

प्रश्न : माजी सैनिकाची मुलगी, सातारा जिल्हा

माझे वडील 1994 साली भूदलात भरती झाले आणि 24 वर्षांच्या सेवेनंतर 2018 मध्ये हवालदार पदावरून निवृत्त झाले. भरतीच्या वेळच्या तपासणीत त्यांच्या त्वचेविषयी कोणतीही नोंद नव्हती. 2007 च्या हिवाळ्यात, अतिउंचावरील नेमणुकीत असताना, त्यांच्या कोपरांवर आणि कमरेवर खवले धरू लागले. पुढे लष्करी रुग्णालयात सोरायसिसचे, म्हणजे त्वचेवर खवलेदार चट्टे उठणाऱ्या आजाराचे, निदान झाले आणि 2011 पासून निवृत्तीपर्यंत ते लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे आजारामुळे दिलेल्या खालच्या वैद्यकीय श्रेणीत, राहिले. रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाने, अपंगत्व 20 टक्के आणि आयुष्यभरासाठी ठरवले, मात्र ‘आजार शरीरप्रकृतीतून उद्भवणारा असून त्याचा सेवेशी संबंध नाही’ असा एका ओळीचा शेरा लिहिला व त्याच आधारावर दावा नाकारला गेला. वडिलांनी तेव्हा अपील केले नाही. कागद पेटीत ठेवून दिले.

आता आमच्या गावातील डॉक्टर ‘हा आजार सैन्यातील नोकरीमुळेच झाला’ असा दाखला देण्यास तयार आहेत. त्याचा उपयोग होईल का? बोर्डाच्या दिवशी औषधांमुळे त्यांची त्वचा बरीच निवळलेली होती, हेही सांगणे आवश्यक वाटते. अलीकडे बोटांचे सांधेही सुजतात.

उत्तर 1 : निवृत्त सुभेदार, आर्मी मेडिकल कोअर

ताई, आज लिहिलेल्या दाखल्यापेक्षा त्या काळी लिहिलेल्या चार ओळींचे वजन पुष्कळ अधिक असते. प्रथम वडिलांची सर्व वैद्यकीय कागदपत्रे मिळवावीत: भरतीच्या वेळचा तपासणी अहवाल, पहिल्यांदा सिक रिपोर्ट केल्याची, म्हणजे आजारी असल्याचे कळवल्याची, नोंद, रुग्णालयातील प्रत्येक ॲडमिशनचा केस शीट, त्वचारोग तज्ज्ञाचे प्रत्येक वेळचे मत, कॅटेगरी बोर्डांची कार्यवाही आणि शेवटी निवृत्तीच्या वैद्यकीय मंडळाचा एएफएमएसएफ-16 हा फॉर्म. घरी जे नसेल ते रेकॉर्ड ऑफिसकडे माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जात सेना क्रमांक, हुद्दा आणि रुग्णालयात दाखल झाल्याच्या तारखा स्पष्ट लिहाव्यात, कारण ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ अशा मोघम मागणीला मोघमच उत्तर येते.

कागद हाती आल्यावर एक साधा तक्ता करावा. एका बाजूला नेमणुकीचे ठिकाण, ते फील्ड (सीमेवरील वा खडतर भाग) की पीस (शांततेचे ठाणे), आणि कालावधी. दुसऱ्या बाजूला त्या काळात आजार वाढल्याच्या वा निवळल्याच्या नोंदी. आजार थंड, कोरड्या फील्ड भागात उफाळला आणि पीसमध्ये उपचारांनी शांत झाला, असे चित्र दोन-तीन वेळा दिसले, तर ‘सेवेमुळे वाढलेला’ या मुद्द्याला तोच सर्वांत भक्कम आधार ठरतो. सेवेमुळे उद्भवलेला आणि सेवेमुळे वाढलेला हे दोन वेगळे मुद्दे आहेत, आणि दाव्यासाठी त्यांपैकी एक सिद्ध झाला तरी पुरतो. बरेच जण पहिल्यावरच अडून बसतात.

उत्तर 2 : त्वचारोगतज्ज्ञ, पुणे

गावातील डॉक्टरांचा हेतू चांगला आहे, यात शंका नाही. परंतु त्यांनी ‘नोकरीमुळेच झाला’ असे लिहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. सोरायसिसला आनुवंशिक पार्श्वभूमी असते. ती नाकारणारा दाखला कोणताही तज्ज्ञ पहिल्या वाचनातच बाजूला ठेवील. खरा मुद्दा असा की, आनुवंशिक कल असलेली व्यक्ती अनेक वर्षे निरोगी राहू शकते, आणि आजार प्रकट होण्यास किंवा भडकण्यास बाहेरची कारणे लागतात. थंड व कोरडी हवा, घशाचा स्ट्रेप्टोकोकल संसर्ग, मानसिक ताण आणि त्वचेला वारंवार होणारी इजा ही त्यांपैकी मान्य असलेली कारणे आहेत. जिथे त्वचा घासली जाते वा खरचटते तिथेच नवे चट्टे उठतात, याला कोबनर परिणाम म्हणतात. आपण कमरेचा उल्लेख केला आहे. पट्ट्याखाली, पाठीवरील पिशवीच्या पट्ट्यांखाली खांद्यांवर, बुटाच्या काठाशी घोट्यांवर चट्टे असल्याची जुनी नोंद केस शीटमध्ये सापडली, तर ती जपून ठेवावी. काही औषधांनीही हा आजार वाढतो. मलेरियावरील क्लोरोक्वीन त्यांत येते, म्हणून मलेरियाच्या भागात नेमणूक असताना त्यांना कोणत्या गोळ्या दिल्या होत्या, हे तपासावे. स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकी बंद केल्यावर आजार उग्र रूपात उलटतो, त्यामुळे तशा उपचाराच्या तारखाही महत्त्वाच्या आहेत.

आता तीव्रतेविषयी. बोर्डाच्या दिवशी त्वचा निवळलेली असणे ही या आजारातील नेहमीचीच अडचण आहे, कारण सोरायसिस येतो आणि जातो. म्हणून एका दिवसाच्या तपासणीपेक्षा वर्षभराचा आलेख अधिक खरे बोलतो. शरीराचा किती भाग व्यापला होता, हे आकड्यांत लिहिलेले असावे. रुग्णाचा स्वतःचा पंजा, बोटांसह, अंदाजे 1 टक्का मानला जातो. पासी या निर्देशांकात 0 ते 72 गुणांत लाली, जाडी, खवले आणि व्याप्ती एकत्र मोजतात, तर डीएलक्यूआय या 10 प्रश्नांच्या नमुन्यात, 30 पैकी गुण देऊन, आजाराचा रोजच्या जगण्यावरील भार मोजला जातो. तीव्र सोरायसिसवर दिले जाणारे मेथोट्रेक्सेटसारखे औषध किती महिने चालले आणि त्यासाठी यकृताच्या तपासण्या किती वेळा झाल्या, यावरूनही तीव्रता कळते. ज्याची त्वचा केवळ या औषधामुळे स्वच्छ दिसते, तो बरा झाला असे म्हणता येत नाही, आणि हे वाक्य तज्ज्ञाच्या मतात स्पष्टपणे यायला हवे. छायाचित्रे तारखेसह, त्याच प्रकाशात, शेजारी मोजपट्टी ठेवून काढावीत.

सांध्यांकडे दुर्लक्ष करू नये. ही सोरायसिसशी निगडित संधिवाताची सुरुवात असू शकते. रक्तातील संधिवात घटक नकारात्मक आला तरी ती शक्यता संपत नाही. संधिवाततज्ज्ञांना लवकर दाखवावे, ते दाव्यासाठी नव्हे, हातांसाठी. माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून त्यासाठी रेफरल घेता येईल.

उत्तर 3 : लष्करी सेवाविषयक खटले चालवणारा वकील, मुंबई

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात असे म्हटले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरले जाते. पुढे प्रकृती बिघडून त्याला सेवेतून कमी करावे लागले, तर ती बिघाडी सेवेमुळे झाली असे मानले जाते. सेवेशी असलेला संबंध सिद्ध करण्याचा भार सामान्यतः सैनिकावर नसतो, आणि वैद्यकीय मंडळाने आपल्या मताची कारणे लिहिली पाहिजेत. ‘शरीरप्रकृतीतून उद्भवणारा’ एवढा शेरा म्हणजे कारण नव्हे, असा युक्तिवाद आपल्या प्रकरणात करता येईल.

20 टक्के या आकड्याचे महत्त्व मोठे आहे, कारण पूर्ण सेवा करून निवृत्त होणाऱ्याला निवृत्तिवेतनातील अपंगत्वाच्या घटकासाठी किमान तेवढी टक्केवारी लागते. शिवाय 2014 च्या राम अवतार निकालानुसार टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ नियत वेळी निवृत्त झालेल्यांनाही मिळतो. म्हणजे दावा मान्य झाल्यास 20 टक्क्यांचे 50 टक्के धरले जातील. 21 सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत, आपल्या वडिलांना ते लागू नाहीत.

पहिल्या अपिलाची 6 महिन्यांची मुदत उलटली आहे, तरी विलंबाची कारणे देऊन ते दाखल करावे, आणि तेथे नकार मिळाल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जावे. निवृत्तिवेतन दरमहा देय असल्याने दावा केवळ उशिरामुळे बुडत नाही, परंतु 2008 च्या तरसेम सिंग निकालामुळे थकबाकी साधारणतः अर्जाआधीच्या 3 वर्षांपुरतीच मिळते. प्रत्येक महिन्याची दिरंगाई थेट पैशांत मोजावी लागते, हे वडिलांना आवर्जून सांगावे. आजची सांधेदुखी या अपिलात मिसळू नये, असे माझे मत आहे. मंडळाने ठरवलेली 20 टक्केच मागावी आणि वाद केवळ सेवेशी असलेल्या संबंधापुरता ठेवावा.

उत्तर 4 : माजी नायक, वाहन दुरुस्ती कार्यशाळा

माझा आजार वेगळा होता: ग्रीस, डिझेल आणि रबर यांच्या संपर्काने हातांना होणारा इसब. पाठीवर पॅच टेस्ट लावून 48 आणि 96 तासांनी वाचन केल्यावर रबरातील रसायनाची ॲलर्जी निघाली, आणि कामाशी असलेला संबंध त्या एका कागदाने दाखवता आला. इसब असलेल्या कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी ही चाचणी करून घ्यावी. सोरायसिसला ती लागू नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पेटीतील कागद काल पुन्हा वाचले. 2009 च्या केस शीटवर ‘पट्ट्याच्या जागी कमरेभोवती चट्टे, थंडीत वाढ’ अशी त्वचारोग तज्ज्ञाची सही असलेली ओळ आहे. 2012 मध्ये पीस स्टेशनला आल्यावर ‘बरीच सुधारणा’ असे लिहिले आहे, आणि 2014 मध्ये पुन्हा फील्डला गेल्यावर चारच महिन्यांत ॲडमिशन आहे. भरतीच्या वेळचा अहवाल मात्र घरी नाही. त्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज आज वडिलांच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने पाठवला. गावातील डॉक्टरांना दाखल्याऐवजी गेल्या 5 वर्षांतील औषधांची तारीखवार यादी मागितली आहे, आणि ती देण्यास ते आनंदाने तयार झाले.