कुतूहलाला सोबत हवी

नववीतल्या मुलाला गणिताविषयी बोलायला वर्गात कोणी नाही आणि पुढची दिशाही उमगत नाही, यावर ‘आत्तापासून जेईईचा क्लास लावा’ हा सल्ला मला अपुरा वाटतो. क्लासमध्ये हुशार मुले भेटतात खरी, पण एकाच प्रश्नावर तासभर रेंगाळण्याची मुभा तिथे सहसा नसते. याउलट गणित ऑलिंपियाड या शालेय स्पर्धेच्या प्रादेशिक फेरीत पर्याय निवडायचे नसून पूर्ण सिद्धता लिहायची असते. त्यामुळे तयारीसाठी एकत्र बसलेली मुले एकमेकांच्या मांडणीतले कच्चे दुवे शोधतात, ‘संख्या सम असली तरी हे टिकते का?’ म्हणून हुज्जत घालतात, आणि मैत्री जुळते ती अशा हुज्जतीतच. अशी सोबत शोधायला पुण्यात गणितासाठी भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था आहे. आकाशाची ओढ असेल तर तिथेच १९४४ पासूनची, हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. (तालुक्याच्या गावी मात्र बहुधा एखाद्या उत्साही शिक्षकावरच भिस्त ठेवावी लागते.) दिशेबाबत एवढेच, की विज्ञानाचे पदवीशिक्षण देणाऱ्या आयसर संस्था आणि गणिताचे देणारी चेन्नई गणित संस्था यांच्या जेईईहून स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असतात, आणि अनेक पालकांना हे बारावीचे अर्ज भरायच्या सुमारास कळते, ते दहावीच्या आत मुलाच्या कानावर घालावे.